माणूस कसा हाय?

“माणूस कसा हाय?” म्हाताऱ्यानं विचारलं आणि कृष्णात अनगोळकरच्या घशात चहाचा घोट अडकला. ज्याच्याबद्दल विचारणं चाललं होतं तो कृष्णात अनगोळकर म्हणजे तो स्वतःच होता. म्हाताऱ्याला याचा पत्ता नव्हता, निदान तसं दिसत तरी होतं. गुडघ्यावर कापडी पिशवी धरून तो बाकड्यावर शेजारी बसला होता आणि भाबड्या तोंडानं उत्तराची वाट बघत होता. खोडी काढली होती चहाच्या गाड्यावरच्या मालुबाईनं. म्हाताऱ्यानं आधी तिलाच विचारलं होतं, “फौंड्रीत कृष्णात अनगोळकर म्हणून हाईत, वळखतासा काय?” तर त्या बयेनं पातेल्यातनं मान वर न काढता पळी कृष्णातकडं वळवली. “ह्यांना इचारा की. त्याच फौंड्रीतले हाईत. माझ्यापरास ह्यांनाच जास्त म्हाईत.” एवढं बोलून ती पाठ करून कांदा चिरायला बसली. कांदा चिरताना बाईमाणसाचे खांदे एवढे गदगदा हलत नाहीत, हे कृष्णातला पाठमोरंही कळत होतं.

सकाळचे अकरा वाजून गेले होते. मच्छेच्या बसस्टॉपवर या वेळी कृष्णात दिसणं हीच मुळात संशयाची गोष्ट. तेवीस वर्षं तो फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, इन्स्पेक्शनला होता आणि अवेळी रजा मागणाऱ्याकडं तिरकं बघण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आज त्यानं स्वतःच बँकेचं काम सांगून अर्धा दिवस सुटी घेतली होती. बँकेत त्याचं कसलंही काम नव्हतं. बेळगावला जायचं, तिथनं निपाणीची गाडी धरायची आणि साईराज नावाच्या पोराची चौकशी करून संध्याकाळी काही घडलंच नाही अशा तोंडानं घरी यायचं, असा त्याचा बेत होता. आठ दिवसांपूर्वी जेवताना तेजस्वीनं हातातला भाकरीचा तुकडा ताटात ठेवला होता. “आप्पा, ह्या खेपेला चौकशी न्हाय. साईराजला मी बघितलंय, बोलून झालंय, मला पटलंय. तुम्ही निपाणीत पाऊल टाकल्याचं मला कळलं तर मी पुण्याची नोकरी धरणार. मग लग्नाचा विषय ह्या घरात परत काढायचा न्हाय.” तीस वर्षांची पोरगी, कॉलेजच्या लायब्ररीत नोकरी करणारी. तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर कृष्णातनं मनावर घेतलंच नसतं. “न्हाय जात,” तो म्हणाला होता, आणि त्याची बायको पूर्णिमा आमटी वाढता वाढता त्याच्याकडं अशी बघत राहिली, की आमटीत मीठ नाही हे सांगायचंही त्याला धाडस झालं नाही. शब्द मोडायचा नव्हताच त्याला. फक्त कळू द्यायचं नव्हतं. या दोन्हींत लई फरक आहे असं माणूस स्वतःला पटवायला जातो, आणि गंमत म्हणजे दर वेळी पटतं.

“मी निपाणीचा,” म्हाताऱ्यानं न विचारताच सांगून टाकलं. “रवळू म्हणत्यात मला. पुतण्यासाठी बघायचं चाललंय. गुरांचा डॉक्टर हाय पोरगा. ह्या अनगोळकरांची पोरगी त्याला पसंत पडलीया. पोरांचं पोरांनी जमवलंय, पर म्हटलं, आपुन एकदा कानोसा घ्यावा. बरोबर का न्हाय?” कृष्णातला भीती वाटायच्या आधी राग आला. ही काय चौकशीची रीत झाली? नाव सांगितलं, गाव सांगितलं, काम सांगितलं, आता फक्त आधार कार्ड काढून दाखवायचं राहिलं. चौकशी म्हणजे अशी करायची, की झाली हे ज्याला विचारलं त्यालासुद्धा कळू नये. कृष्णात कधी नाव घेऊन सुरुवात करत नसे. आधी पावसापाण्याचं, मग पेंडीच्या भावाचं, मग सहज, “ते पलीकडचं घर कुणाचं?” आणि मग आणखी सहज, “बरी माणसं हाईत न्हवं?” हे विचारताना कानानं ऐकायचं नाही, डोळ्यानं ऐकायचं. तोंड काय, सगळ्यांचंच चांगलं बोलतं. माणूस दुसऱ्याच्या दुःखावर लगेच विश्वास ठेवतो आणि सुखाचा मात्र दाखला मागतो, असं कृष्णात कारखान्यात चारचौघांत म्हणायचा, आणि लोक हसायचे. आपण विनोद केला असं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

पण मग त्याच्या मनात आलं, एवढं सरळ कोणी विचारतं का? म्हातारा सोंग तर करत नसेल? कुणीतरी आधीच बोटानं दाखवून ठेवलं असेल, तो बघा, चष्मेवाला, तोच मुलीचा बाप; जावा, बसा शेजारी आणि त्याच्याच तोंडनं काढा. मालुबाईला फितवली असेल. तिचा काय भरवसा? तिच्या गाड्यावर चहा घेताना कृष्णात रोज ग्लासाला नखानं टिचकी मारायचा आणि आवाज ऐकूनच चहा ओतू द्यायचा. त्याचा तिला राग होता, आणि रास्त होता. पण सवय जात नाही. कारखान्यात त्याचं कामच ते. साच्यातनं काढलेला लोखंडाचा तुकडा वरनं कितीही गुळगुळीत दिसो, बारक्या हातोडीनं एकदा ठोकायचा. धड असेल तर घंटेसारखा खणखणतो. आत कुठं तडा असेल तर बद्द आवाज येतो, फुटक्या मडक्याचा. मग त्यावर लाल खडूची फुली मारायची. आता मशीन आली, फोटो काढणारी, तरी साहेब म्हणायचे, कृष्णातचा कान मशीनच्या पुढचा. त्या कानाचा त्याला अभिमान होता. तोच कान तो घरी घेऊन यायचा. पूर्णिमा शेजारणीशी हसली तरी हसण्याचा आवाज धड आहे का बद्द, हे तो आतल्या खोलीत बसून ठरवायचा. बिचारी नंतर नंतर तोंडावर पदर धरून हसायला लागली.

म्हाताऱ्यानं चहा बशीत ओतला आणि फुंकर घातली. घाई नव्हती त्याला. बेळगावची सिटी बस आली, थांबली. बायकांना प्रवास फुकट झाल्यापासून बसमधे पुरुषांना दांडीला लोंबकळण्यापुरतीच जागा उरली होती. कंडक्टर “मुंदे होग्री, मुंदे होग्री”, पुढं सरका, म्हणून कानडीत ओरडत होता आणि पुढं जायला जागा नव्हती. ही बस कृष्णातला धरायची होती. तो उठला नाही. उठला असता तर म्हाताऱ्यानं मालुबाईला पुन्हा विचारलं असतं, आणि मालुबाईनं काय सांगितलं असतं ते देवाला ठाऊक. बस गेली. आता उत्तर द्यायला हवं होतं. ‘चांगला हाय’ म्हणावं आणि मोकळं व्हावं? पण नुसतं ‘चांगला हाय’ ऐकून तो स्वतः कधी कुठनं उठला होता का? जिथं तिथं चांगलंच ऐकू येतं तिथं गावाला आधी पढवून ठेवलेलं असतं, हा त्याचा जुना सिद्धांत. शिवाय सदलग्याचा तो न्हावी होताच.

सदलग्याचा सौरव हे तेजस्वीचं तिसरं स्थळ. पोरगा शाळेत मास्तर. बघायला आला तेव्हा पोहे खाऊन झाल्यावर त्यानं बशी स्वतः उचलून आत नेली, आणि तेजस्वी त्या दिवशी संध्याकाळभर काहीतरी गुणगुणत होती. कृष्णातनं ते ऐकलं होतं. ऐकून तो दुसऱ्या दिवशी सदलग्याला गेला. चार ठिकाणी चांगलं ऐकलं. शेवटी दाढी करायला म्हणून सलूनमधे बसला आणि सहज विचारलं, “ते मास्तरांचं घराणं बरं हाय न्हवं?” वस्तरा थांबला. न्हाव्यानं आरशातनं त्याच्याकडं बघितलं. एक, दोन, तीन एवढा वेळ गेला. मग म्हणाला, “चांगली माणसं हाईत.” झालं. ते तीन आकडे कृष्णातनं घरी आणले. आत तडा असल्याशिवाय माणूस एवढा थांबत नाही. त्यानं सदलग्याला फोन करून नको म्हणून कळवलं, आणि तेजस्वीला काय सांगायचं हा प्रश्न आला तेव्हा तिकडनंच नकार आला असं सांगितलं. “का म्हणं?” तिनं विचारलं. “सांगितलं न्हाय,” तो म्हणाला. तेव्हा तिनं आरशात स्वतःकडं एकदाच बघितलं होतं. पुढं दोन वर्षांनी पाचव्या स्थळासाठी तो परत त्याच बाजूला गेला, त्याच सलूनमधे बसला. मे महिना होता. “उकाडा लई हाय,” तो म्हणाला. वस्तरा थांबला. आरशातनं नजर आली. एक, दोन, तीन. मग न्हावी दारापर्यंत गेला, तोंडातली तंबाखू गटारीत थुंकला, परत येऊन म्हणाला, “व्हय, लई.” कृष्णातच्या गालावर साबण होता आणि तो रडतो का हसतो हे आरशात त्यालाही कळलं नाही. तंबाखूच्या मुलखात चौकशीला जायचं आणि तोंडातल्या तंबाखूला मनातलं काळंबेरं समजायचं, एवढा शहाणा माणूस आपल्या पंचक्रोशीत दुसरा नसेल. सौरवचं तोवर लग्न झालं होतं. जुळी पोरं होती. ही गोष्ट कृष्णातनं कुणालाही सांगितली नाही. शहाणपण म्हणजे दुसरं काय असतं? आपण कुठं फसलो ते कुणाला न सांगणं.

“न्हाय म्हंजे, अवघड असंल तर सोडा,” रवळूअण्णा म्हणाला. “एका कारखान्यातली माणसं. उद्या तोंड बघायचं असतंय.” असं म्हणून त्यानं कृष्णातच्या तोंडाकडं बघितलंसुद्धा नाही, रस्त्याकडं बघितलं. चौकशीला आलेला माणूस आणि समोरच्याचं तोंड वाचत नाही! याला कोणी पाठवला? कृष्णातला वाटलं, याला हलवून सांगावं, अहो, माझ्याकडं बघा, मी एवढा वेळ थांबलोय, काहीतरी समजून घ्या. आणि त्याच वेळी त्याला जांबोटीकडचा तो दिवस आठवला, जो आठवू नये म्हणून त्यानं बाकीचे सगळे दिवस एवढे कामात घालवले होते. अंबूआक्काचं, त्याच्या थोरल्या बहिणीचं, लग्न ठरत होतं. जांबोटीच्या पलीकडं रानात, चार मैल चालून गेल्यावर मुलाचं गाव. वडलांनी त्याला पाठवलं, तू शिकलेला हाईस, जरा बघून ये. तो वीस वर्षांचा होता. पाऊस होता, दिवसाला एक गाडी होती, आणि ती चुकली तर मुक्काम पडला असता. तो जांबोटीच्या नाक्यावरच थांबला. तिथल्या चहावाल्याला विचारलं. चहावाला म्हणाला, चांगली माणसं हाईत. तो त्याच गाडीनं परत आला आणि घरी सांगितलं, गाव बघितलं, घर बघितलं, चांगली माणसं हाईत. आक्काचा नवरा दारू प्यायचा. पहिल्या तीन वर्षांत आक्का दोनदा त्याच चार मैलांवरनं चालत माहेरी आली आणि दोनदा परत गेली. तेव्हापासून कृष्णातनं ‘चांगली माणसं’ या शब्दावर विश्वास ठेवायचं सोडलं. पण खरी मेख वेगळीच होती. नवऱ्यानं पुढं दारू सोडली. आक्का आता साठीची आहे, दोन म्हशी आहेत, आणि कधीही विचारलं, “बरं चाललंय काय?” की ती म्हणते, “माझं काय वाईट चाललंय?” आणि खळखळून हसते. ते हसणं त्यानं शंभरदा ठोकून बघितलं असेल. कुठंही बद्द वाजत नाही. म्हणजे आक्का सुखी आहे. आणि ती सुखी आहे हे त्याला सहनच होत नाही, कारण मग ही एवढी वर्षं आपण कुणासाठी रस्ते तुडवत होतो?

ठरलं. एक बारकासा दोष सांगायचा, त्यानं कसं, खरं वाटतं. निव्वळ स्तुती अंगाला चिकटत नाही. थोडं नाव ठेवलं की बाकीचं चांगलं पचतं. कृष्णात स्वतःतला बारका दोष शोधू लागला. तापट आहे म्हणावं? पण तो तापट नव्हता. तापट माणसं बरी, त्यांचं काय ते बाहेर तरी पडतं. चिक्कू आहे म्हणावं? तेही नव्हतं. घोरतो? हे कुठल्या कारखान्यातल्या माणसाला ठाऊक असणार? जो दोष हाताला लागे तो उचलून बघावा तर खाली मोठाच निघे, आणि बारका म्हणावा असा एकही सापडेना. चहा थंड झाला. मालुबाईचे खांदे आता हलत नव्हते. ती कांदा सोडून ऐकत होती.

“माणूस संशयी हाय,” कृष्णात म्हणाला.

आपलाच आवाज त्याला परका वाटला. म्हाताऱ्यानं बशी खाली ठेवली.

“म्हंजे बायकोवर?”

“सगळ्यांवर. बायको, शेजारी, देव, वाणी. चहाचा ग्लास फुटका हाय का बघतो, मग चहा घेतो. घरात कोण हसलं तर कशापायी हसलं म्हणून झोप येत न्हाय त्याला. हसायचंच बंद झालंय त्या घरात, अण्णा. पोरीची सा स्थळं मोडली त्यानं.”

“सा?”

“सा. एक तर सोन्यासारखं होतं. सदलग्याचा सौरव म्हणून मास्तर. पोरीला आवडलाबी होता. ह्यानं एका न्हाव्याच्या तोंडाकडं बघून नकार दिला. न्हाव्याच्या तोंडात तंबाखू होती, दुसरं काय न्हाय. आणि पोरीला सांगितलं, तिकडनंच नको म्हणाले. पोरीला आजवर वाटतंय, आपल्यातच काय कमी असंल.”

हे शेवटचं वाक्य कृष्णातनं आधी कधी मनातही म्हटलं नव्हतं. तोंडातनं गेल्यावर ते त्यानं ऐकलं, आणि आपल्या अंगातनं काहीतरी काढून कुणीतरी बाकड्यावर ठेवलं असं त्याला वाटलं. तिनं आरशात एकदाच बघितलं होतं. तेवढंच पुरे होतं की समजायला. सहा वर्षं त्यानं जगभरची तोंडं वाचली आणि घरातलं ते एक वाचलं नाही. वाचलं होतं, पण फुली स्वतःवर मारावी लागली असती.

“आन पोरगी?” रवळूअण्णानं हळूच विचारलं.

“पोरीबद्दल काय इचारू नकासा,” कृष्णात म्हणाला. “असल्या बापाजवळ तीस वर्षं काढून जी पोरगी अजून माणसांवर विश्वास ठेवत्या, तिच्याबद्दल काय सांगायचं? तुमचं पोरगं नशीबवान असंल तर तिला न्या. बापाकडं बघू नकासा.”

रवळूअण्णानं पिशवी काखेत मारली, टोपी सारखी केली आणि उठला. “बरं झालं भेटलासा,” एवढंच म्हणाला. कृष्णातला वाटलं, आता हा कारखान्याच्या दारात जाईल, वॉचमनला विचारेल, गावात जाईल, किराणा दुकानात विचारेल, देवळाच्या कट्ट्यावर विचारेल. निदान मालुबाईला तरी विचारेल. म्हाताऱ्यानं कुणालाही विचारलं नाही. तो चार पावलं पुढं जाऊन उभा राहिला, आलेल्या बेळगावच्या बसला हात केला आणि बायकांच्या गर्दीत पाय ठेवून निघून गेला. एका अनोळखी माणसानं बाकड्यावर बसून सांगितलं, आणि तो उठून गेला! खरं का खोटं, वैरातनं का प्रेमातनं, काहीच ठोकून बघितलं नाही. माणूस इतका बिनघोर असू शकतो? का म्हातारा बावळट होता? का त्याला सगळं ठाऊक होतं? कृष्णातनं या तिन्ही शंका आळीपाळीनं धरून बघितल्या आणि एकही धड वाजेना. बेळगावची पुढची बस आली. तीही त्यानं सोडली. “जाणार हुतासा न्हवं कुठं?” मालुबाईनं विचारलं. तिच्या तोंडावर आता हसू नव्हतं. तिनं त्याच्यासमोरचा गार चहा उचलून ओतून टाकला आणि न मागता दुसरा दिला. तो कृष्णातनं तसाच प्यायला. मग तो कारखान्यात परत गेला. साहेबानं विचारलं, बँकेचं काम झालं काय? तो म्हणाला, झालं. दुपारभर तो हातोडी मारत राहिला आणि सगळा माल त्याला एकाच आवाजाचा लागत होता. दोनदा त्यानं फुली मारली आणि दोनदा फडक्यानं पुसली. स्थळ मोडलं, हे त्यानं धरूनच टाकलं होतं. सातवं. आणि ह्या खेपेला चौकशीला न जाता मोडलं. असा विक्रम कुणाच्या नावावर नसेल.

संध्याकाळी सहाला तो घरी आला तेव्हा तेजस्वी उंबऱ्यावर उभी होती. हातात फोन होता. तिच्या तोंडावरचं त्याला काही केल्या वाचता येईना.

“निपाणीचा फोन आलता. होकार दिला त्यांनी.”

पूर्णिमा आतनं हात पुशीत आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. कृष्णातनं चपला काढल्या, त्या सरळ लावल्या, मग परत एकदा सरळ लावल्या. होकार? एवढं ऐकून? त्याच्या मनात पहिल्या झटक्याला जे आलं ते सांगायचीही लाज वाटावी: एवढं ऐकूनही ज्या घराला पोरगी हवी आहे, त्या घरातच काहीतरी खोट असणार. सवय ती.

“साईराजचे रवळूअण्णा म्हणून हाईत, चुलते,” तेजस्वी सांगत होती. “ते सकाळी अकराला मच्छेला येऊन गेले म्हणं. स्टॉपवर तुमचा कोण वैरी भेटला त्यांना. त्यानं तुम्हाला नावं ठेवायचं काय शिल्लक ठेवलं न्हाय. अण्णा घरी जाऊन म्हणाले, दोस्तांनी चांगलं म्हटलेल्या पोरी पैशाला पासरी मिळत्यात. बापाच्या वैऱ्यानं जिला चांगलं म्हटलं, असली कुठं घावायची? दुसऱ्या कुणाला इचारायची गरजच न्हाय म्हणाले.” ती हसली. तिचं हसणं तसंच थोडा वेळ तोंडावर राहिलं आणि मग गेलं. “पण त्यो वैरी एक बोलला, आप्पा. सौरवचं. नकार तुम्हीच कळवला म्हणं. सदलग्याकडनं आलता न्हवं नकार?”

कृष्णातनं खाली चपलांकडं बघितलं.

“खोटंच असंल म्हणा,” तेजस्वी म्हणाली. तिच्या आवाजात विनवणी होती. “वैरी काय, काय पण बोलंल.”

सुटकेचं दार सताड उघडं होतं. नुसती मान हलवायची. वैऱ्याचं काय घेऊन बसलीस, एवढं म्हणायचं. होकार आला आहे, पोरगी खुशीत आहे, सगळं जमून आलं आहे. शहाण्या माणसानं हेच केलं असतं, आणि कृष्णातइतका शहाणा माणूस त्या घरात दुसरा नव्हता. पूर्णिमाही त्याच्याकडं बघत होती, आणि त्याला कळलं की ती त्यानं मान हलवावी म्हणून बघत आहे. तिला सगळं ठाऊक होतं. किती वर्षांपासून ठाऊक होतं कोण जाणे.

“वैरी न्हवता त्यो,” कृष्णात म्हणाला. “मीच होतो.”

बाहेरनं कुणाच्या तरी घरातला टीव्ही ऐकू येत होता. तेजस्वीनं फोन खुर्चीवर ठेवला.

“अकरा वाजता स्टॉपवर काय करत होतासा तुम्ही?”

“निपाणीला निघालतो. चौकशीला.”

“गेलासा?”

“न्हाय.”

“का?”

“त्या म्हाताऱ्यानं माझ्यावर इश्वास ठेवला, तेजू. कोण कुठला मी. इचारलं, ऐकलं आणि उठून गेला. मग माझ्यानं बसमधे चढवलंच न्हाय.”

“आणि सौरवचं? मला कवा सांगणार होतासा?”

“कवाच न्हाय,” कृष्णात म्हणाला. खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती.

तेजस्वी रडेल असं त्याला वाटलं होतं. ओरडेल, पुण्याचं नाव काढेल. तिनं त्यातलं काही केलं नाही. ती त्याच्याकडं बघत राहिली, खूप वेळ, एखाद्या नव्यानं आलेल्या माणसाकडं बघावं तशी. त्याला तिथं उभं राहणं जड गेलं.

“रविवारी सुपारी फोडायला येत्यात ती,” शेवटी ती म्हणाली. “रवळूअण्णाबी येणार. दार तुम्ही उघडायचं, आप्पा. आई न्हाय, मी न्हाय. तुम्ही.”

“त्यांनी मला बघितलं आणि उठून गेलं तर?”

“जाऊ देत. पण ह्या घरात कोण ऱ्हातंय ते त्यांना कळू दे. मला आज कळलं तसं.”

ती आत गेली. पूर्णिमा तिच्यामागं गेली नाही. चौकटीपाशीच उभी राहिली. कृष्णातला तिला विचारायचं होतं, पोरीनं माफ केलं का शिक्षा दिली? तुला काय वाटतं? ती खुशीत आहे का? तिच्या आवाजावरनं तुला काय कळलं? प्रश्न सगळे ओठापर्यंत आले.

“उघडतो,” तो म्हणाला.